खाडी बघायला निघताय? घड्याळ नंतर, आधी तिथी बघा

नवी मुंबईत ऐरोलीला राहायला आल्यावर पहिली चार वर्षं मी ठाणे खाडी फक्त पुलावरून बघितली. मुलुंडला जाताना दोन्ही बाजूला थोडं पाणी, थोडा चिखल, हिरवा पट्टा, आणि वास येतो म्हणून गाडीची काच वर. मग एकदा मुलीच्या शाळेत फ्लेमिंगोचं काहीतरी प्रोजेक्ट आलं आणि घरात ठरलं की रविवारी जायचं. फेब्रुवारी होता, पाच वाजता उठलो, थर्मासमध्ये चहा, उसना आणलेला कॅमेरा, साडेसहाला घर सोडलं आणि सात वाजता काठावर. बघतो तर काय, पाणी तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांच्या, गळ्यापर्यंत, सगळीकडे नुसतं करडं सपाट पाणी आणि दोन कावळे, एवढंच. तासभर थांबलो, मुलगी कंटाळली, बायकोने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही, म्हणजे काय ते समजून घ्या.

तिथे एक म्हातारे कोळी काका होडीच्या कडेला बसून जाळं विणत होते, त्यांना विचारलं की पक्षी कुठे गेले हो. ते हसले. म्हणाले, "घड्याल बघून आलास ना? पानी बघून यायचं व्हतं. आज दशमी हाय. सात-साडेसातला पानी फुल. दुपारी दोनला ये."

दुपारी कोण जातंय परत, आम्ही घरी जाऊन झोपलो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं आणि खरं सांगू का, खाडी बघायची म्हणजे नेमकं काय करायचं हे सगळं त्या एका वाक्यात आहे. पुढे मी जे काही लिहितोय ते त्याचाच पसारा आहे.

तिथीचा हिशोब (दोन मिनिटांचं काम)

कोळीवाड्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेला हिशोब असा: आजची जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे ४, त्याची पाऊणपट ३, म्हणजे तीनला भरती, दुपारी पण आणि रात्री पण. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला साधारण सव्वाअकरा येतं पण प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हा अंदाज आहे हां, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, त्यात ते पाणी मुंबईच्या तोंडापासून आत ऐरोली-ठाण्यापर्यंत पोचायला अजून थोडा उशीर होतो. अचूक हवं असेल तर मोबाईलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, अपोलो बंदरच्या नावाने असतं, फुकट मिळतं. पण कालनिर्णय भिंतीवर असतंच, सकाळी चहा पिता पिता कळून जातं की आज जाण्यात अर्थ आहे की नाही, हे मला जास्त आवडतं.

आता हे का होतं ते पण थोडक्यात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून रोज वेळ जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून या रविवारी सात वाजता जे दिसलं ते पुढच्या रविवारी सातला दिसणार नाही, बरोबर उलटं दिसेल. लोक इथेच फसतात. कोणीतरी मित्र सांगतो "अरे मी गेल्या आठवड्यात सकाळी गेलो, हजारो होते", आपण तीच वेळ पकडून जातो आणि पाणीच पाणी.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचे दोन-तीन दिवस उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणजे चिखल लांबपर्यंत उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी आळशी, ना धड चढत ना धड उतरत. पहिल्यांदा जाणार असाल तर भांगाचे दिवस टाळा असं माझं मत.

आमच्या घरात एक सोपं सूत्र केलंय: चतुर्थीला चिखल, एकादशीला तळं. म्हणजे काय ते सांगतो.

दोन जागा, दोन उलट्या वेळा

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, त्याला अग्निपंख पण म्हणतात, खातो चिखलात. ओहोटीला चिखल उघडा पडला, त्यावर वीतभर पाणी राहिलं की तो तिथे उतरतो, दिवस असो की रात्र, त्याचं घड्याळ पाण्याचं. भरती आली की पाणी त्याच्या पायांना झेपेनासं होतं आणि हे सगळे थवे उडून आतल्या शांत पाणथळ जागांवर जाऊन उभे राहतात, बरेचसे एका पायावर, मान पाठीत खुपसून.

म्हणून ओहोटीला खाडीचा काठ बघायचा आणि भरतीला तळी बघायची. चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी येते, म्हणजे सात ते नऊ उतरतं पाणी, उन्हं कोवळी, चिखल हळूहळू उघडा पडतोय, यासारखी वेळ नाही. द्वितीया, तृतीया, पंचमी पण चालतील. आणि एकादशीला सकाळी सव्वाआठच्या सुमाराला भरती, तेव्हा सीवूड्सच्या तळ्यांकडे जा.

तळी म्हणजे नेरुळ-सीवूड्सला पामबीच रोडच्या खाडीकडच्या बाजूला आहेत ती, टीएस चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागची, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या बाजूची, आणि डीपीएस शाळेजवळचं तळं. सीवूड्स स्टेशनवरून रिक्षा करा, रिक्षावाल्याला "फ्लेमिंगो बघायचेत" म्हटलं तरी पुरतं. यातल्या कुठल्या तळ्यावर त्या दिवशी पक्षी असतील ते पाण्यावर आहे. तळ्यात खाडीचं पाणी येण्याजाण्याची वाट मोकळी असेल तर पाणी उथळ राहतं आणि पक्षी येतात, ती वाट बुजली की एकतर पाणी साचून खोल होतं नाहीतर सुकतं, मग ते दुसरीकडे जातात. म्हणून एका जागी नाही दिसले तर "या वर्षी आलेच नाहीत" म्हणून घरी जाऊ नका, पुढच्या तळ्यावर बघा.

भरती सुरू होताना तिथे आधीच जाऊन उभं राहायचं, हे महत्त्वाचं. आधी तळं रिकामं असतं, दोन शेकाटे आणि एखादा बगळा. मग खाडीच्या बाजूने तिवरांच्या वरून पहिली ओळ येते, लांब मान पुढे, लांब पाय मागे, मधे काळ्या-गुलाबी पंखांची उघडझाप, त्यांचा तो गॅक गॅक आवाज, बदकांसारखा, अजिबात नाजूक वगैरे नाही. आणि मग येतच राहतात. तळ्याच्या मागे पंचवीस मजली टॉवर, गॅलरीत कोणाचे तरी टॉवेल वाळतायत आणि समोर हे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा फोटो काढायचाच विसरलो.

ऐरोलीचं केंद्र आणि बोट

खाडीचा मोठा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, साधारण १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, आणि बाकी पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. महाराष्ट्रात त्याआधी नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार एवढी दोनच होती. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध अशी जागा आहे हे आपल्यालाच माहीत नसतं.

ऐरोलीत खाडीकाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे माहिती दालन आहे, आणि तिथूनच सीझनमध्ये फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. बोटीची वेळ रोज बदलते, कारण उघड आहे, पूर्ण ओहोटीला बोट चिखलात बसेल आणि पूर्ण भरतीला पक्षी नसतील, मग मधली वेळ धरतात. तर बुकिंग करताना "मला सकाळी आठचीच पाहिजे" असा हट्ट करू नका, ते देतील ती वेळ घ्या. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, जमलं तर मधल्या वारी सुट्टी टाका. केंद्र कुठल्या दिवशी बंद, तिकीट किती हे निघण्याआधी ऑनलाइन बघून घ्या, बदलत असतं.

बोटीत एक गोष्ट सांगतो जी कोणी सांगत नाही. सगळे पुढच्या बाजूला धावतात. तुम्ही मागे बसा. बोट पक्ष्यांपासून लांबच थांबवतात, पुढे काही फार जवळ जात नाही, उलट पुढे सगळे सेल्फीसाठी उभे राहतात आणि त्यांच्या टोप्याच दिसतात. मागे बसलं की कडेचे छोटे पक्षी पण दिसतात आणि नावाड्याशी बोलता येतं, त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्या बोर्डावर लिहिलेलं नाही.

आणि उजेड. आपण नवी मुंबईच्या बाजूला असतो तेव्हा खाडी पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, पक्ष्यांवर सरळ उजेड, गुलाबी रंग खरा दिसतो. संध्याकाळी त्याच जागी सूर्य डोळ्यात आणि सगळे पक्षी काळे. भांडुपच्या बाजूने याच्या उलट. संध्याकाळी फोटो काढून "गुलाबी कुठेयत" म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

ठाणेकरांसाठी

ठाण्याच्या बाजूने खाडी जरा वेगळी आहे. ही खाडी नक्की नदी की समुद्र हा प्रश्न मुलीने विचारला होता, तर उत्तर असं की उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांकडून येते, कल्याणवरून ठाण्याजवळ येऊन पश्चिमेला वळते आणि घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीला जाते. तिचा एक अरुंद फाटा दक्षिणेकडच्या ठाणे खाडीला जोडलेला. म्हणजे ठाणे आणि मुंबई दोन्ही खरं तर एका बेटावर, साष्टीवर, दोन्हीकडून खाडी. ठाणे खाडीत नदीचं पाणी फार कमी येतं, मुख्य पाणी समुद्राचंच, भरतीबरोबर आत येतं आणि ओहोटीला जातं. पावसाळ्यात दोन्हीकडच्या डोंगरांचे ओढेनाले मिळतात तेव्हा तेवढी गोडसर होते.

नदीचं मुख बघितल्याचा फील हवा असेल तर घोडबंदर रोडला गायमुखला जा. समोर रुंद पाणी, पलीकडे डोंगर, अलीकडे नागलाचं जंगल जे राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे आणि थेट खाडीपर्यंत उतरतं. संध्याकाळ तिथे छान असते. पक्षी ऐरोलीसारखे थव्याने नाहीत, पण घारी, बगळे, खंड्या, पाणकावळे हमखास. नागलाच्या जंगलात घुसायचं तर वनखात्याची परवानगी लागते, बिबट्यांचा भाग आहे, उगाच हिरोगिरी नको.

आणि एकदम फुकटातलं खाडीदर्शन हवं असेल तर वाशी ते मानखुर्द लोकल. ओहोटीच्या वेळी, खिडकीची सीट, दोन-तीन मिनिटं पूल, दोन्हीकडे चिखल आणि त्यावर ठिपके. मोबाईल खाली ठेवा फक्त.

आता खरी मजा: एका जागी बसा

फ्लेमिंगो बघून झाले की लोक निघतात. मी म्हणतो तिथून पुढे खाडी सुरू होते. ओहोटीला काठावर कुठेतरी बांधाची पक्की जागा बघा, जिथून खाली दहा-पंधरा फुटांवर चिखल दिसतोय. बसा. हलू नका. पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही, नुसता चकचकीत चिखल आणि त्यात भोकं. तुम्ही आलात तेव्हा सगळे आत गेलेत.

मग एका भोकातून दोन डोळे येतात. डोक्याच्या टोकावर बसवलेले, बेडकासारखे. ही निवटी. मासाच आहे, पण पाण्याबाहेर चिखलावर फिरतो, पुढच्या परांवर रेटा देत, कुबड्यांवर चालल्यासारखा. कातडी ओली असेल तोपर्यंत कातडीतूनही श्वास घेतो, कल्ल्यांमध्ये पाणी साठवून ठेवतो. नीट बघा, डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत पुढे जातोय, फरशी पुसल्यासारखं. चिखलावर जो तपकिरी-सोनेरी थर दिसतो ना, ते सूक्ष्म शेवाळ, ते खरवडून खातोय. मागे अर्धगोल खुणा राहतात. मधेच एक डोळा आत ओढून घेतो आणि परत बाहेर काढतो, डोळा ओला करायची ती पद्धत. आणि दुसरी निवटी जवळ आली की पाठीवरचा पर पंख्यासारखा उभा करतो, तोंड आ वासतो, आणि दोघं एकमेकांवर उड्या. मुलगी म्हणाली "बाबा, हे पार्किंगवरून भांडतायत." अगदी तेच.

निवटीचं कालवण कोळ्या-आगऱ्यांच्या घरात आवडीने करतात हे पण सांगतो, म्हणजे फक्त बघायचा प्राणी नाही तो.

निवटीच्या आसपासच छोटे खेकडे असतात, त्यातल्या नराची एक नांगी अंगाच्या मानाने भलती मोठी, दुसरी अगदी बारकी. बारक्या नांगीने चिखल उचलून तोंडात, त्यातलं खायचं ते घेतो आणि उरलेल्या चिखलाची गोळी करून खाली ठेवतो. त्या बारीक बारीक गोळ्या भोकाभोवती पसरलेल्या दिसल्या की समजा आत्ताच जेवण चाललं होतं. मोठी नांगी खायला काही कामाची नाही, ती वर-खाली हलवून मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दाखवायला. शंभर खेकडे एकदम नांग्या हलवतायत हे दृश्य म्हणजे स्टेशनवर गाडी सुटताना सगळे हात हलवतात तसं. जेवणातली चिंबोरी वेगळी, ती मोठी, तिवरांच्या मुळांशी बिळात असते, तिच्या बिळात हात घालायचा प्रयत्न करू नका, बोट जाईल.

वासाचं सांगायचं राहिलं. तो कुजलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे सगळं गटारच असं नाही. चिखलात वरच्या थराखाली हवा पोचत नाही, तिथले जिवाणू हवेशिवाय पालापाचोळा कुजवतात आणि त्यातून तो वायू निघतो, अगदी स्वच्छ खाडीत पण येतो. आपल्या खाडीत सांडपाणी पण भरपूर येतं हे खोटं नाही. गंमत अशी की त्या सांडपाण्यातल्या खतामुळे शेवाळ वाढतं आणि त्यामुळेच इथे एवढे छोटे रोहित येतात असं बरेच अभ्यासक मानतात. याचा आनंद मानायचा की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिवरं ओळखायची कशी

खाडीकाठचं प्रत्येक झाड "मँग्रोव्ह" म्हणून सोडून देऊ नका. ऐरोलीला सगळ्यात जास्त दिसतं ते तिवर. पान वरून हिरवं, खालून करडं-पांढुरकं. कडक उन्हात पानाच्या वर मिठाचे कण दिसतात, झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं, बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. (स्वच्छ पान बघा, आणि एकदाच.) झाडाखाली चिखलातून पेन्सिली उलट्या खोचल्यासारखी मुळं वर आलेली, ती श्वास घ्यायला. त्यांच्यावर पाय देऊ नका.

चिपी म्हणजे ज्याची फळं हिरवी, चपटी-गोल, आणि देठाशी चांदणीसारख्या पाकळ्या. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे, फुलं रात्री उमलतात. कांदळ म्हणजे ज्याला कमानीसारखी आधारमुळं आणि झाडावरच बी रुजून लांब हिरव्या शेंगेसारखं लोंबतं, ते खाली चिखलात पडतं आणि तिथेच उभं राहतं. काठावर काटेरी कडांची पानं आणि निळी-जांभळी फुलं असलेलं झुडूप म्हणजे मारांडी, त्यात हात घालून बघू नका. आणि गेवा नावाचं एक झाड असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, तर ओळखत नसाल त्या झाडाच्या फांद्या मोडायच्या नाहीत. तसंही कांदळवन तोडणं गुन्हा आहे, मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर स्पष्ट आदेश दिलेत.

रोहित नीट बघायचा तर

नोव्हेंबरपासून येतात, जानेवारी ते एप्रिल गर्दी, पाऊस येईपर्यंत जातात. दोन प्रकार. छोटा रोहित उंचीला कमी, रंग जास्त गुलाबी, चोच गडद लालसर, लांबून काळपटच वाटते. मोठा रोहित उंच, अंग पांढुरकं, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. इथे बहुतेक छोटे. राखाडी-मळकट दिसणारे आजारी नाहीत, पिल्लं आहेत, रंग खाण्यातून येतो आणि यायला काही वर्षं लागतात.

चोच बघा. खाताना डोकं उलटं करतो, चोचीचा वरचा भाग खाली. जीभ पंपासारखी चालते, पाणी आत-बाहेर आणि शेवाळ गाळून आत. दुर्बिणीतून गळ्याची ती थरथर दिसते. आणि मधेच एक जण एका जागी पाय आपटत गोल गोल फिरतो, चिखल ढवळायला, लग्नात नाचल्यासारखा.

त्यांच्या पलीकडे बघायला विसरू नका. लाल पायांचा काळा-पांढरा शेकाट्या, पळत पळत चोच मारणारे तुतारी, हिवाळ्यात कुरव आणि सुरय, चित्रबलाक, शराटी, थापट्या बदकं. वंचक तर तुमच्या पायाजवळ बसलेला असतो आणि उडाला की कळतं, बसलेला मातकट आणि उडताना एकदम पांढरा शुभ्र. संध्याकाळी उशिरा खारघर-वाशीकडच्या तिवरांच्या कडेला कोल्हा पण दिसतो. कुत्रा समजून चुचकारायला जाऊ नका, मुंबईत कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडलाय.

सामान आणि चिखल

दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरे, जास्त पॉवरची घेतली तर हात हलतो आणि मुलांना धरता येत नाही. टोपी, पाणी, मळके कपडे, म्हणजे भडक रंग नको. डासांचं मलम. काठावर बाथरूम नसतं, हे आधी सांगतो म्हणजे नंतर बोलणी नकोत.

बुटांचं: जुने, नाडीचे, घट्ट बांधलेले. गमबूट स्टायलिश वाटतात पण चिखल ते पकडतो आणि पाय एकटाच वर येतो. मला अनुभव आहे. एकदा फोटोच्या नादात बांधावरून फक्त दोन पावलं खाली उतरलो, दुसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत. घाबरून ओढायला गेलो तर दुसरा पण आत. वर एक मुलगा खेकडे पकडायला आलेला, त्याने सांगितलं, "दादा, ओढू नका, मागे बसा." मागे टेकून वजन पसरवलं, टाच हळूहळू फिरवत आधी थोडी हवा जाऊ दिली, मग एकेक पाय काढला. बूट अजून तिथेच आहे. पुढे कधी अडकलात तर हेच करायचं, झटका द्यायचा नाही. आणि मुळात चिखलात उतरायचंच नाही, आत कालवांच्या धारदार कवच्या आणि बाटल्यांच्या काचा असतात, आणि भरती सुरू झाली की पाणी समोरून नाही, बाजूच्या बारीक ओहळांतून तुमच्या मागून येतं.

पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन काठावर नको, उधाणाच्या दिवशी तर नकोच.

दोन गोष्टी अजून. कुरवांना फरसाण-गाठी टाकू नका, मोठी माणसं मुलांच्या हातात पाकीट देतात हे बघून डोकं फिरतं, मीठ-तेल-बेसन हे काय त्या पक्ष्याचं खाणं आहे का. आणि थवा उडवायला टाळ्या वाजवायच्या नाहीत, ड्रोन तर अजिबात नाही. ते ओहोटीचे तेवढेच तास खातात, आपण उडवलं की त्यांचं जेवण गेलं.

घरी आल्यावर मुलगी एका वहीत लिहिते, तारीख, तिथी, किती वाजता, पाणी चढतं की उतरतं, आणि काय दिसलं. तीन वर्षांची वही झाली आता, तिच्यावरून आम्हाला घरबसल्या कळतं की कुठल्या तिथीला कुठे जायचं. परवाची नोंद: "कृष्ण चतुर्थी, सकाळी ८, पाणी उतरतंय. निवटी ११, भांडणं ३. खंड्या १. रोहित खूप लांब, मोजले नाहीत. काका भेटले, म्हणाले आज बरोबर आलात. बाबांचा बूट नाही दिसला."